ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला आणि डिस्प्ले गेला? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

सांगलीत आजही कितीतरी लोकांचं पोट डेस्कटॉपवर चालतं. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचा हिशेब, विश्रामबागेत फॉर्म भरून देणारी झेरॉक्स सेंटरं, गणपती पेठेच्या आसपास लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं. अशा मशीनवर ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांचं बोलणं घडवून आणणारा प्रोग्राम) अपडेट होतो, मशीन रिस्टार्ट होतं आणि स्क्रीन काळीच राहते. मग ओळखीचा कुणीतरी येतो, दोनदा बटण दाबून बघतो आणि सांगतो, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल."

फॉरमॅटनंतर मशीन चालू होतंही. पण डेस्कटॉपवर ठेवलेल्या पत्रिकांच्या फाइली जातात, मराठी फाँट जातात, प्रिंटरची सेटिंग नव्याने करावी लागते आणि ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक दारात ताटकळतं. ड्रायव्हरने डिस्प्ले गेला असेल तर बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. मी डीटीपीचं काम करते. माझ्या आणि ओळखीच्यांच्या मशीनवर हा प्रश्न बऱ्याचदा सोडवला आहे, त्यातून बसलेला क्रम इथे देते आहे. तो विंडोज १० आणि ११ साठी आहे. पायऱ्या वरून खाली याच क्रमाने करा, मी सांगितल्याशिवाय मधली गाळू नका.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- नेट चालू असलेला मोबाइल आणि एक रिकामा पेन ड्राइव्ह. शक्य असेल तर शेजारचा दुसरा कॉम्प्युटर.
- एक जादा एचडीएमआय केबल, चालू असल्याची खात्री असलेली.
- ग्राफिक्स कार्डचं नेमकं मॉडेल. बिलावर किंवा खोक्यावर असतं. "दोन जीबीचं कार्ड आहे" एवढ्याने भागत नाही.
- विंडोज लॉगिनचा पासवर्ड. रोज चार आकडी पिन टाकत असाल तर मूळ पासवर्ड शोधून ठेवा, कारण सेफ मोडमध्ये (तो काय ते पायरी ४ मध्ये येईल) कधी कधी पिन चालत नाही.
- बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं साधन) ४८ अंकी रिकव्हरी की. "आम्ही तर बिटलॉकर लावलंच नाही" असं बरेच जण म्हणतात. विंडोज ११ च्या अनेक मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो, आणि दुरुस्तीच्या मेन्यूत शिरताना ती की मागितली जाते. मोबाइलवर त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून डिव्हाइसच्या माहितीत बघा, की तिथे सापडते. आधी लिहून घ्या.
- यूपीएस. अर्धवट बसलेला ड्रायव्हर हे या सगळ्या त्रासाचं एक मोठं कारण आहे. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. ड्रायव्हर बसवताना मधेच लाईट गेली, तर जुना निघालेला आणि नवा न बसलेला अशी अवस्था होते.

१. बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतो का?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून तो घाईत उरकू नका. मशीन पूर्ण बंद करा, मॉनिटर आधी चालू करा, मग सीपीयूचं बटण दाबा आणि पहिली वीसएक सेकंद नजर हलवू नका.

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो. मदरबोर्डच्या किंवा कॉम्प्युटर कंपनीच्या नावाचा लोगो तो दाखवतो. तुम्ही अपडेट केलेला ड्रायव्हर त्यानंतर, विंडोज सुरू होताना लोड होतो. म्हणजे लोगो दिसण्याशी त्या ड्रायव्हरचा संबंधच नसतो.

म्हणून लोगो दिसला, गोल फिरणारे ठिपकेही दिसले आणि त्यानंतर स्क्रीन काळी झाली, तर कार्ड, केबल आणि मॉनिटर निदान साधं चित्र दाखवण्याइतपत ठीक आहेत. संशय ड्रायव्हरवर घ्या आणि पायरी २ वर जा.

लोगोच दिसला नाही, मॉनिटरवर "नो सिग्नल" येतंय, तर ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. अपडेट आणि बिघाड एकाच दिवशी आले असतील एवढंच. तुम्ही थेट पायरी ३ वर जा.

एक काळजी घ्या. जुनी हार्ड डिस्क असेल तर अपडेटनंतरचा पहिला स्टार्ट बराच वेळ घेतो. सीपीयूवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकत असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. स्क्रीनवर अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर काहीही झालं तरी बटण दाबून बंद करू नका.

२. स्क्रीन काळी, पण विंडोज जिवंत आहे का?

कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का बघा. लागत असेल तर आत विंडोज बहुधा चालू आहे, फक्त चित्र तुमच्यापर्यंत पोचत नाही. मग या दोन गोष्टी करा.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो. छोटा "बीप" ऐकू येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि कधी कधी तेवढ्यावरच डेस्कटॉप परत येतो. उघड्या फाइलींना धक्का लागत नाही.

चित्र आलं नाही तर विंडोज आणि पी दाबा, दोन सेकंद थांबा, मग खालचा बाण एकदा आणि एंटर. डिस्प्ले दुसऱ्या पोर्टवर गेला असेल तर याने परत येतो. नाही आला तर हेच दोन-तीनदा करा, दर वेळी पुढचा पर्याय निवडला जातो.

हे साधं वाटेल, पण मिरजेतल्या एका प्रेसमध्ये अख्खी दुपार याच कारणाने गेली होती. गिऱ्हाइकाला पत्रिकेचं प्रूफ दाखवायला त्यांनी भिंतीवरचा टीव्ही त्याच कार्डला जोडलेला होता. अपडेटनंतर विंडोजने टीव्हीलाच मुख्य स्क्रीन धरलं, आणि टीव्ही होता बंद. सीपीयू उघडून रॅम खोडरबरने पुसून झाली, कार्ड काढून घालून झालं. शेवटी टीव्हीची केबल काढली आणि डेस्कटॉप मॉनिटरवर आला. तेव्हा जादा स्क्रीन, टीव्ही, प्रोजेक्टर जे काही जोडलेलं असेल ते आधी काढा.

३. केबल, पोर्ट, मॉनिटर

केबल कार्डच्या पोर्टलाच आहे ना, ते मागे वाकून बघा. सीपीयूच्या मागे दोन ठिकाणी एचडीएमआय असतं. वर, यूएसबीच्या शेजारी आहे ते मदरबोर्डचं. खाली आडव्या पट्टीत आहे ते ग्राफिक्स कार्डचं. साफसफाईनंतर केबल वरच्या पोर्टला जाणं नेहमीचं आहे. मॉनिटरच्या मेन्यूत इनपुटही तपासा, एचडीएमआयला जोडलेली केबल आणि इनपुट मात्र व्हीजीएवर, असं होतं.

सीपीयू नुकताच हलवला असेल तर कार्ड स्लॉटमध्ये सैल झालेलं असू शकतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या कित्येकांनी सीपीयू उचलून वरच्या मजल्यावर नेले. अशा उचलाउचलीत जड कार्ड थोडं खाली झुकतं. प्लग काढा, बाजूची झाकणी उघडा, हात आधी धातूच्या भागाला लावा, कार्ड सरळ वर काढून "टक" आवाज येईपर्यंत परत बसवा. कार्डला वेगळी सहा किंवा आठ पिनची पॉवर केबल असेल तर ती घट्ट दाबा.

मॉनिटरवर "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" आलं तर ती वेगळी गोष्ट आहे. नव्या ड्रायव्हरने मॉनिटरला न झेपणारा रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट लावला आहे. पायरी ४ मधल्या यादीत ३ नंबर निवडा, विंडोज कमी रिझोल्यूशनमध्ये उघडेल. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन योग्य आकडा लावा, काम संपलं.

४. सेफ मोडमध्ये शिरा

सेफ मोडमध्ये विंडोज तुमचा ड्रायव्हर बाजूला ठेवतो आणि मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरतो. चित्र मोठं, ओबडधोबड दिसतं, पण दिसतं.

लॉगिनची स्क्रीन दिसत असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि पॉवरच्या चिन्हातून रिस्टार्ट निवडा. काहीच दिसत नसेल तर ठिपके फिरायला लागले की पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा मेन्यू उघडतो. टक्केवारीबद्दल वर सांगितलं ते इथेही लक्षात ठेवा.

मेन्यू आला की ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रिस्टार्ट. आकड्यांची यादी येईल. ४ म्हणजे सेफ मोड, ५ म्हणजे नेटसह सेफ मोड. इथे ४ दाबा. नेट नको, कारण नेट मिळालं की विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकतो. लॅनची (नेटची) केबलही आत्ताच काढून ठेवा.

सेफ मोड नीट उघडला तर निदान जवळजवळ पक्कं झालं. डेटा धोक्यात नाही. तरी चालू कामाच्या फाइली इथूनच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. पुढचं काम शांत डोक्याने होतं.

५. मागच्या ड्रायव्हरवर परत या

स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॅप्टर्स, कार्डच्या नावावर डबल क्लिक, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक ड्रायव्हर. कारण विचारलं तर कुठलंही निवडा. रिस्टार्ट करा.

रोल बॅक बटण फिकट असेल तर विंडोजकडे जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. तेव्हा दुरुस्तीच्या मेन्यूत परत जाऊन सिस्टिम रिस्टोअर बघा. अपडेटच्या आधीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट (विंडोजच्या त्या दिवशीच्या सेटिंगची साठवलेली नोंद) असेल तर वापरा. तुमच्या कामाच्या फाइली त्यात जात नाहीत, पण त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम जातात. दोन्हीपैकी काहीच नसेल तर पुढची पायरी.

६. ड्रायव्हर मुळापासून काढा

डिव्हाइस मॅनेजरमधून "अनइन्स्टॉल डिव्हाइस" केलं तरी मागे बरंच उरतं. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकट साधन आहे, त्याला सगळे डीडीयू म्हणतात. दुसऱ्या मशीनवर ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा आणि पेन ड्राइव्हवर आणा. सर्चमध्ये आधी येणाऱ्या नकली डाउनलोड बटणांपासून जपा.

सेफ मोडमध्ये डीडीयू उघडा. उजवीकडे जीपीयू (म्हणजे ग्राफिक्सची चिप) आणि कंपनी निवडा: एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल. "क्लीन अँड रिस्टार्ट" दाबा. मशीन परत उघडलं की साध्या ड्रायव्हरवर डेस्कटॉप दिसेल. लॅन अजूनही जोडू नका. ड्रायव्हरची फाइल आधी (पेन ड्राइव्हवरून), नेट नंतर.

७. कोणता ड्रायव्हर टाकायचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "नवा म्हणजे चांगला" हा समज डोक्यातून काढा. आपल्याकडच्या ऑफिसांत आणि दुकानांत जी कार्डं चालतात, त्यातली बरीच जुनी आहेत आणि नवे ड्रायव्हर त्यांच्यासाठी बनतच नाहीत.

उदाहरणार्थ जीटी ७१०. हे एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचं कार्ड. त्याच्यासाठी एनव्हिडियाची ४७० च्या घरातल्या आकड्यांची ड्रायव्हर मालिका शेवटची. २०२१ नंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या आणि त्याही सप्टेंबर २०२४ ला संपल्या. जीटी ७३० त्याहून फसवं, कारण त्याच नावाने दोन वेगळी कार्डं विकली गेली. ३८४ कोर असलेलं केप्लर, त्याला वरचाच नियम. ९६ कोर असलेलं फर्मी (केप्लरच्या आधीची पिढी), आणि त्याचा शेवटचा ड्रायव्हर मार्च २०१८ चा ३९१.३५. आपलं कोणतं हे जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्राममध्ये दिसतं.

जीटीएक्स ७५० टीआय, जीटी १०३०, जीटीएक्स १०५० टीआय या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांच्या कार्डांसाठी ५८० ही मालिका शेवटची. ऑक्टोबर २०२५ नंतर त्यांना नवे गेम रेडी (गेमसाठीचे नेहमीचे) ड्रायव्हर नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळायच्या आहेत. एएमडीनेही आर७ २४०, आर७ २५० सारख्या जुन्या कार्डांचा नियमित आधार जून २०२१ मध्ये थांबवला. त्यांचे जुने ड्रायव्हर साइटवर मॉडेल टाकलं की मिळतात.

कंपनीचा स्वतःचा इन्स्टॉलर "हे कार्ड चालत नाही" म्हणून आधीच थांबतो. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा" म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रामांचा तसा भरवसा नाही. असला प्रोग्राम मशीनमध्ये असेल तर ड्रायव्हरबरोबर तोही काढून टाका. यावर माझं मत ठाम आहे, कामाच्या मशीनवर त्याची कधीच गरज पडत नाही.

नवीन कार्ड असलं तरी अगदी ताजा ड्रायव्हर लगेच घेऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या ५७२ मालिकेनंतर काळ्या स्क्रीनच्या तक्रारी जगभरातून आल्या, कंपनीला त्यासाठी हॉटफिक्स (तातडीच्या दुरुस्त्या) काढावे लागले, आणि तोवर अनेक जण डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ वर परत गेले होते. कोरलड्रॉ, फोटोशॉप किंवा व्हिडिओचं काम असेल तर एनव्हिडियाच्या पानावर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर निवडा.

वेगळं कार्ड नसून इंटेलचे इनबिल्ट ग्राफिक्स असतील आणि कॉम्प्युटर ब्रँडेड असेल, तर मशीनचा सिरीयल नंबर टाकून त्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर घ्या.

बसवताना एनव्हिडियात "कस्टम" निवडून "क्लीन इन्स्टॉलेशन" वर टिक करा. एएमडीत "फॅक्टरी रीसेट" चा पर्याय येतो. मधे स्क्रीन एक-दोनदा काळी होऊन परत येईल, ते ठीक आहे, हात लावू नका.

८. तोच ड्रायव्हर आपोआप परत येऊ देऊ नका

नेट जोडण्याआधी स्टार्टमध्ये "चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज" शोधा आणि "नो" करा. विंडोज अपडेटमध्ये जाऊन अपडेट थोड्या दिवसांसाठी पॉज करा. तिथेच अपडेट हिस्ट्रीत ड्रायव्हर अपडेट्सची वेगळी यादी असते. कोणता ड्रायव्हर कोणत्या तारखेला आला ते तिथे दिसतं, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि मशीन नीट चालायला लागलं की एक रिस्टोअर पॉइंट बनवा.

९. तरीही जमत नसेल तर

सेफ मोड नीट चालतो, पण कुठलाही ड्रायव्हर टाकला की स्क्रीन काळी, असं वारंवार होत असेल तर कार्ड किंवा एसएमपीएस (सीपीयूतला वीजपुरवठ्याचा डबा) बघायला हवा. ड्रायव्हर नसताना कार्ड अगदी सावकाश चालतं. ड्रायव्हर बसला की पूर्ण ताकदीने धावतं आणि दुबळा भाग तेव्हाच उघडा पडतो. सगळे ड्रायव्हर बदलूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये "कोड ४३" (कार्डाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवल्याची खूण) येत राहिला तरी संशय कार्डावरच. पंख्यात धूळ साचली आहे का बघा, यार्डाजवळच्या दुकानांत ती पिवळी आणि चिकट असते. कार्ड सेकंडहँड घेतलं असेल तर जीपीयू-झेडमध्ये नावापुढे "फेक" येतं का तपासा. जुन्या कार्डाचा बायोस बदलून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात आली होती आणि ती नवा ड्रायव्हर टाकल्यावर उघडी पडतात.

प्रोसेसरमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स असतील तर कार्ड काढून केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, निदान काम चालू राहील. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी "एफ" असेल तर मात्र आत ग्राफिक्स नसतात, हा मार्ग बंद.

दुरुस्तीला नेताना दुकानदाराला "डिस्प्ले येत नाही" एवढंच सांगू नका. लोगो दिसतो की नाही, सेफ मोड चालतो की नाही, कोणता ड्रायव्हर काढला आणि कोणता टाकला हे कागदावर लिहून द्या. "फॉरमॅट विचारल्याशिवाय करू नका" हेही त्याच कागदावर, ठळक अक्षरांत. कार्ड वॉरंटीत असेल तर स्क्रूवरचं स्टिकर कुणालाही फाडू देऊ नका, आणि कार्ड हातातून देण्याआधी सिरीयल नंबरचा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या.